वासाचा रकाना

उंदीर मेला होता, आणि त्याच्यापासून दोन हातांवर बसून मी डबा खाल्ला होता. हे मला कळलं तेव्हा अकरा वाजले होते आणि डबा धुऊन पालथा घालून झाला होता. ऑफिस तीन दिवस बंद होतं. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आले, पंखा लावला, खिडकी उघडायचा कंटाळा केला, आणि घरी खायला वेळ झाला नव्हता म्हणून टेबलावरच डबा उघडून निवांत खाल्लं. मग छोटी मॅडम आली. तिला छोटी म्हणतात कारण मोठी मी आहे. तशी ती तिशी ओलांडलेली, चांगली इंजिनिअर आहे. ती दारातच थांबली, ओढणी नाकाला लावली, आणि ओकारी येण्याआधी घशातून निघतो तसला आवाज तिच्या घशातून निघाला. "ई, काय मेलंय इथे? मॅडम, तुम्ही आत बसलात तरी कशा?" क्षणभर मला खरंच कळेना ही कशाबद्दल बोलतेय. मग कळलं, आणि दोन वर्षांत अंगवळणी पडलेली चपळाई कामाला आली. मी नाक मुरडलं, पर्समधून रुमाल काढला, म्हटलं, "अगं, कधीची तेच शोधतेय. कुठून येतोय पत्ताच लागत नाही." शिपायाने नमुन्यांचं कपाट पुढे ओढलं. उंदीर माझ्या खुर्चीच्या पाठीमागेच होता. फुगलेला, पोटाशी उललेला, आणि खाली फरशीवर त्याच्यातून झिरपलेला एक ओला डाग. "चांगला तीन दिवसांचा आहे," शिपाई तोंड फिरवून म्हणाला. मग त्याची नजर बेसिनपाशी पालथ्या घातलेल्या डब्यावर गेली. "मॅडम, तुम्ही इथेच जेवलात?" "छे, टॅक्सीत खाल्लं," मी म्हटलं. किती चटकन म्हटलं.

बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि ओकायचा प्रयत्न केला. बोट घातलं, डोळ्यांत पाणी आलं, पण ओकारी येईना. गंमत अशी, की किळस नाकातून येते हे मला नाक गेल्यावर कळलं. डोळ्यांनी पाहिलेली घाण ही नुसती माहिती असते. 'घाण आहे' एवढं कळतं, पोट ढवळत नाही. तो उललेला उंदीर डोळ्यांसमोर आणला, त्याच्या शेजारी स्वतःला बसवलं, तोंडात घास घातला, बोटं चाटली, तरी पोट गप्प. ढवळत होतं ते वेगळंच काहीतरी, छातीपाशी. रुमाल नाकाला लावून उभी असलेली मी. "कधीची तेच शोधतेय." ते नाटक आठवलं आणि मात्र अंगावर काटा आला.

दोन वर्षांपूर्वी आठ दिवस ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "कधी परत येतं, कधी नाही येत, वाट बघा." मी वाट बघितली. सकाळी उठून साबण हुंगायचे, मग काडेपेटी, मग नवऱ्याचा शर्ट. काही नाही. कोरी हवा. घरी लपवणं शक्य नव्हतं. नवऱ्याने दोन-चार वेळा थट्टा केली आणि मग हळूहळू तो माझं नाकच होऊन बसला. दूध तोच हुंगतो, फ्रिजमधली उरलीसुरली भाजी तोच उघडून बघतो आणि "टाक" किंवा "खा" म्हणतो. मी बाहेर निघताना जवळ येऊन माझ्या ब्लाउजचा वास घेतो आणि मान हलवतो. ह्यात प्रेम आहे हे मला कळतं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला रोज सकाळी कोणीतरी काखेशी वाकून पास करायचं, ह्याची शरम कुणाला सांगणार? "ऑफिसात सांगितलंस का?" तो विचारायचा. "सांगते," मी म्हणायचे. पहिल्या महिन्यात रोज विचारायचा. मग आठवड्याने. आता विचारत नाही, आणि त्याचं ते न विचारणं मला जास्त टोचतं.

लोकांना वाटेल, इंजिनिअर बाईचं नाक गेलं तर काय आभाळ कोसळलं. स्वयंपाकी नाही, अत्तरवाली नाही. पण माझा धंदा मातीचा. कुठे काही बांधायचं असलं की आधी आम्ही जमिनीत भोकं पाडतो, खालून नळ्यांत भरून माती वर काढतो, आणि ती किती वजन पेलेल ते लिहून देतो. खाली माझी सही. ह्या धंद्यात मला आणलं मोठ्या साहेबांनी. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा, धाकटे साहेब, ऑफिस चालवतात. पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी माझ्या हातावर काळपट मातीचा गोळा ठेवला आणि म्हणाले, "आधी नाक." मला वाटलं, नव्या पोरीची फिरकी घेताहेत. हुंगलं. "काय आठवलं?" मी घाबरत म्हटलं, "फुलदाणीतलं पाणी. आठ दिवस न बदललेलं." ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा मागवला. मग समजावलं, की कुठे कधीकाळी तळं असतं, डबकं असतं, त्यात पाला पडतो, मुळं कुजतात, वरून भर पडते आणि लोक विसरून जातात. ती कुजकी माती दिसायला साध्या चिकणमातीसारखीच. पण वर वजन आलं की ती वर्षानुवर्षं दबत राहते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. प्रयोगशाळेत ती पकडता येते, पण त्याला दिवस लागतात, आणि शंभर नमुन्यांतला कुठला प्रयोगशाळेत धाडायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते नाक ठरवतं. आमच्या तक्त्यात खोलीचा रकाना असतो, रंगाचा असतो, नळी आत घालायला हातोड्याचे किती ठोके लागले त्याचा असतो, आणि शेवटी एक अरुंद रकाना वासाचा.

माझं नाक धंद्यात नावाजलेलं होतं, हे मी फुशारकीने सांगत नाही. आता कसली फुशारकी. साइटवर नळी उघडली की माणसं माझ्या तोंडाकडे बघायची. मी डोळे अर्धे मिटून एक लांब श्वास घ्यायचे, आणि सगळे थांबायचे. ती थांबलेली माणसं मला आवडायची. तापानंतर पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा ठरवून गेले होते, की सांगून टाकायचं. नळी उघडली, माणसं थांबली, आणि माझे डोळे आपोआप अर्धे मिटले. मी श्वास घेतला. काहीच आलं नाही. "ठीक आहे," मी म्हटलं. माणसं कामाला लागली. इतकं सोपं होतं ते. पुढच्या वेळी त्याहून सोपं. मनाशी मी कारणंही रचून ठेवली होती: दहातल्या नऊ मातींना वास नसतोच, रंग बघते, बोटांनी दाबून बघते, दाताखाली कण चावून बघते, काय बिघडतंय? आणि तक्त्यातल्या वासाच्या रकान्यात तीस वर्षं लिहीत आले तेच वाक्य लिहीत राहिले: नमुन्यास कोणताही सेंद्रिय वास आढळून आला नाही.

मग गेल्या वर्षी धाकट्या साहेबांनी तो प्रोग्राम आणला. त्याला ऑफिसातले सगळे जुने अहवाल खाऊ घातले, म्हणजे बहुतांशी माझेच. तक्त्यातले आकडे भरले की तो पाच मिनिटांत अहवाल लिहून देतो, वर हेही सांगतो की कुठले नमुने प्रयोगशाळेत पाठवायची गरज आहे आणि कुठले नाही. धाकटे साहेब उतावळे नाहीत. त्यांनी नियम केला: प्रोग्रामने लिहिलेलं वाक्य निळं उमटेल, माणसाने वाचून, पटवून घेऊन बटण दाबलं की ते काळं होईल, एक जरी वाक्य निळं असेल तर अहवाल बाहेर जाणार नाही. नियम चांगलाच होता. आणि त्या नियमाची सगळ्यात मोठी पुरस्कर्ती कोण, तर मी. गेल्याच महिन्यात एका चर्चासत्रात मी ह्यावर भाषण ठोकलं, की यंत्राने सुचवावं, निर्णय माणसाचा, जबाबदारी माणसाची, इंजिनिअरच्या अनुभवाला पर्याय नाही. नाकाने कांदे सोलले. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका तरुण मुलीने विचारलं, "मॅडम, मातीचा वास यंत्राला कसा कळणार?" मी हसून म्हटलं, "तेवढ्यासाठी तरी आम्हाला ठेवतील." ते हसणं आता आठवतं आणि स्वतःच्या गालाला हात लावावासा वाटत नाही.

प्रोग्राम आल्यावर मला मनातून किती बरं वाटलं होतं! मी ठरवलं, आता खोटं लिहायचं नाही. वासाचा रकाना रिकामा ठेवायचा. येत नाही तर लिहायचं नाही. ह्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते. आणि प्रोग्रामला रिकामा रकाना दिसला की तो माझ्याच जुन्या अहवालांत जे वाक्य शेकडो वेळा आलेलं आहे ते उचलून तिथे लिहायचा. कोणताही सेंद्रिय वास आढळून आला नाही. निळ्या अक्षरांत. शब्द माझे, वळण माझं, 'आढळून' हा लांबलचक शब्दही माझाच. मग वास नाही, म्हणून प्रयोगशाळेची गरज नाही, म्हणून माती साधी, म्हणून वजन पेलेल. सगळं त्या एका वाक्यावरून ओघाने यायचं, एकही फट न ठेवता. मी बटण दाबायचे. मी तर काही लिहिलं नव्हतं ना.

बाथरूमची कडी कुणीतरी वाजवली तेव्हा मी आरशासमोर उभी होते आणि मला पाण्याची टाकी आठवत होती. शहराच्या कडेच्या वस्तीत उंच टाकी बांधायची होती, आठ खांबांवर, दहा लाख लिटरची. चारही बाजूंना घरं, इतकी जवळ की ओट्यावरून ओट्यावर वाटी देता येईल. तिथे सहा भोकं पाडली. भोकं पाडणारे मिस्त्री माझ्याबरोबर पंचवीस वर्षं आहेत. साठीचा माणूस, कमी बोलणारा, मातीत हात घातला की तासन्‌तास न कंटाळणारा. पाचव्या भोकात सहा मीटरवर माती काळपट झाली. मिस्त्रींनी नळीतून ती ढकलून बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. "ताई, घाण मारतेय ना हो?" मी डोळे अर्धे मिटले. लांब श्वास घेतला. बोटाने दाबलं, माती किंचित दबून परत वर आली, स्पंजासारखी. मला कळलं होतं. सगळं नाही, पण बोटाला कळलं होतं. आजूबाजूला कंत्राटदाराची माणसं थांबलेली. "ठीक आहे," मी म्हटलं. मिस्त्रींनी नळी स्वतःच्या नाकाशी नेली, पुन्हा हुंगली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हुंगली. "मग माझंच नाक बिघडलं असेल," ते म्हणाले, आणि खरोखरच बोटाने स्वतःचं नाक चोळलं. तक्त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही. ताई ठीक म्हणाल्यावर ते काय लिहिणार.

आणि त्या टाकीच्या पायाचं काँक्रीट आज चार वाजता पडणार होतं.

बाहेर आले तर छोटी मॅडमने खिडक्या उघडून फिनेल टाकलं होतं. "आता गेला ना वास?" तिने विचारलं. "गेला," मी म्हटलं. टेबलाशी बसून टाकीचा अहवाल उघडायला सांगितला. तिने उघडला, आणि मी पाचव्या भोकाच्या त्या ओळीवर बोट ठेवल्यावर ती उत्साहाने म्हणाली, "थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवते. ह्यात आता नवीन सोय आहे. कुठलं वाक्य कुणी किती वेळ बघून काळं केलं ते कळतं." तिने काहीतरी दाबलं. ओळींसमोर आकडे आले. दोन सेकंद. तीन सेकंद. दोन. दोन. आणि त्या ओळीसमोर: चार मिनिटं अकरा सेकंद. "बघा! आम्ही सगळे नुसतं दाबत सुटतो. तुम्ही एकेका वाक्याचा किती विचार करता, मॅडम." ती मनापासून म्हणत होती. तिच्या चेहऱ्यावर तो आदर होता, जो एकेकाळी मोठ्या साहेबांकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर असणार. चार मिनिटं अकरा सेकंद मी काय करत होते ते मला नीट आठवतंय. दबून परत वर आलेली माती बोटाला आठवत होती. उठून प्रयोगशाळेला फोन करावा असं तीन वेळा मनात आलं. मग प्रयोगशाळा विचारेल, वास नव्हता तर पाठवताय कशाला, असंही मनात आलं. मग मी दाबलं. यंत्राला एवढंच कळलं होतं की बाई थांबली. का थांबली, ते त्याने विचारलं नाही, आणि दुसरं कोणी विचारणारं नव्हतं. "तुम्ही एवढं तपासलंय म्हणजे बरोबरच असणार," छोटी मॅडम म्हणाली. मला तिचा नाही, माझाच इतका तिटकारा आला की मी खुर्ची मागे सारली आणि नेमकी त्या ओल्या डागावर पाय पडला.

धाकट्या साहेबांना फोन लावला, तो लागेपर्यंत दोन वाजले. ते गावाबाहेर होते, पाठीमागे गाड्यांचे आवाज. "साहेब, टाकीचं काँक्रीट थांबवायला लागेल. पाचव्या भोकातली माती कुजकी असू शकते." "असू शकते म्हणजे? अहवालात तर नाहीये." "अहवाल चुकलाय." "मॅडम, काँक्रीटच्या गाड्या निघताहेत तिकडे. मला कारण द्या काहीतरी. वास नव्हता असं लिहिलंय ना?" "रकाना रिकामा होता. वाक्य प्रोग्रामने लिहिलंय." ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पलीकडून ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे प्रोग्राम चुकला?" इथे मी एक श्वास घेतला. "हो," मी म्हटलं. त्यांचा आवाज बदलला. घाबरलेल्या माणसाचा झाला, आणि थोडा सुटकेचाही. "बाप रे. बरं झालं तुम्ही पकडलंत. मी लगेच कळवतो त्यांना. तुम्ही साइटवर पोचा, नवा नमुना काढा. पत्र मी बनवून पाठवतो, तुम्ही फक्त मान्य करा. साडेतीनच्या आत पत्र नाही गेलं तर ते ओततील हं, मॅडम."

मिस्त्रींना साइटवर या म्हणून सांगितलं आणि टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने समोर कसलीशी सुगंधी वडी टांगलेली होती, झोके घेत होती. शहराच्या बाहेरचा रस्ता, दुतर्फा अर्धवट इमारती, त्यांतल्या कितीतरींच्या पायाखाली माझी सही. फोन वाजला. पत्र आलं होतं. सगळं निळं. "प्रणालीतील त्रुटीमुळे उपरोक्त अहवालात नमुन्याच्या वासाबाबत चुकीचे विधान समाविष्ट झाले. तपासणी अभियंता यांनी आपल्या प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे सदर त्रुटी वेळीच निदर्शनास आणली." हे प्रोग्रामनेच लिहिलं होतं. स्वतःवरचा आळ स्वतःच, किती आदबीने, किती गुळगुळीत मराठीत. त्याला राग नाही, लाज नाही, त्याने मुकाट्याने सगळं अंगावर घेतलं होतं. वर माझं कौतुकही केलं होतं. खाली बटण: मान्य. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि सकाळपासून जे येत नव्हतं ते आलं. "थांबवा, थांबवा," म्हणून टॅक्सी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं ओकले. ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली. "गाडी लागली का हो, मावशी?" "हो," मी म्हटलं. चूळ भरली. बरं वाटलं नाही.

दाबलं तर काय होतं? टाकी वाचणार होती. घरं वाचणार होती. प्रोग्राम आल्यापासून ज्या ज्या अहवालांत रिकामा रकाना त्याने भरला होता, ते सगळे पुन्हा तपासले जाणार होते. पण त्याच्या आधीचं वर्ष? त्या वर्षी प्रोग्राम नव्हता. त्या वर्षी तेच वाक्य मी माझ्या हाताने, माझ्या पेनाने लिहिलं होतं, आणि ते अहवाल कोणी उघडणार नव्हतं, कारण चूक तर प्रणालीची होती. हे मला टॅक्सीत स्पष्ट दिसत होतं. स्पष्ट दिसूनही बोट बटणावर होतं. शेवटी मी ते पत्र पुसलं आणि नवं लिहिलं. मला साधं लिहायची सवय राहिलेली नाही, त्यामुळे वेळ लागला. "वासाचा रकाना मी रिकामा ठेवला, कारण मला वास येत नाही. प्रोग्रामने भरलेलं वाक्य खोटं असू शकतं हे माहीत असून मी ते मान्य केलं. काँक्रीट थांबवा." वेळ बघितली, तीन वाजून सहा मिनिटं. पाठवलं. कधीपासून येत नाही, ते लिहिलं नाही. लिहायचं सुचलं होतं. पण तीन वाक्यांनीच दम लागला होता, आणि मी स्वतःला म्हटलं, आज एवढं पुरे.

साइटवर शांतता होती. काँक्रीटच्या दोन गाड्या रस्त्यावर उभ्या, पोटं फिरवत. खड्ड्यात सळयांची जाळी बांधून तयार. कंत्राटदाराचा माणूस फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होता. मला पाहून त्याने पाठ फिरवली. पलीकडच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसून सगळं बघत होती. मिस्त्री शेडपाशी उकिडवे बसले होते. पाचव्या भोकाची एक नळी दोन्ही टोकांना मेण लावून त्यांनी जपून ठेवलेली होती, ती त्यांनी आधीच काढून मांडीवर घेतली होती. "काय झालं, ताई? थांबवलं म्हणतात." "ती नळी उघडा, मिस्त्री." त्यांनी चाकूने मेण सोललं आणि काळा गोळा तळहातावर काढला. लगेच त्यांचा चेहरा आक्रसला. मान मागे गेली. सवयीने त्यांनी तो माझ्यापुढे धरला, आणि सवयीने माझे डोळे मिटू लागले. मी ते जबरदस्तीने उघडे ठेवले.

"तुम्ही घ्या वास. मला सांगा."

"मी काय सांगणार? त्या दिवशी तुम्हीच तर—"

"मिस्त्री, तुमचं नाक बिघडलेलं नाही. माझं बिघडलंय. मला वासच येत नाही. कसलाच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, अरेरे, किंवा म्हणतील, असू द्या ताई, होतं असं. मनात कुठेतरी मी त्याची तयारी करून आले होते. डोळ्यांत पाणीही तयार होतं. त्यांनी गोळा हळूच खाली ठेवला, हात लेंग्याला पुसले.

"कधीपासून?"

पत्रात जे टाळलं होतं ते असं दोन हातांवर येऊन बसलं. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं." त्यांच्या चेहऱ्यावर मघाशी नळी उघडताना जे आलं होतं ते परत आलं, फक्त आता ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान फिरवली आणि बाजूला थुंकले. माझ्यावर नाही, पण मला बघू दिलं. मग ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. ते काय करताहेत ते मला कळत होतं. पंचवीस वर्षं मी त्यांना बघतेय. कुठल्या साइटला कितवं भोक किती खोल गेलं ते ह्या माणसाला तक्ता न बघता सांगता येतं.

"त्या दवाखान्याच्या वेळी तुम्ही नळी हुंगली होती," ते म्हणाले. "तीन मजली दवाखाना. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हाही नव्हता येत?"

"नाही."

"आणि पुलाच्या कडेची ती भिंत?"

"तेव्हाही."

"दोन वर्गांची शाळा, उतारावरची. तिथे तर मी काही विचारलंच नाही. तुम्ही ठीक म्हणालात, मी भोक बुजवलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या हाताने बुजवलं, ताई."

कंत्राटदाराच्या माणसाचा फोन संपला होता आणि तो थांबून ऐकत होता. मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून तक्ते लिहायची ती बुटकी पेन्सिल काढली, शेडच्या भिंतीला टेकवलेली एक कोरी प्लायवूडची फळी ओढून गुडघ्यावर घेतली आणि तिच्यावर वरून लिहायला सुरुवात केली. दवाखाना. भिंत. शाळा. मोठ्या, सुट्या अक्षरांत, कुणालाही लांबून वाचता येईल असं.

"पुढचं सांगा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.